मग बसवू कोणाला?

टीम जाहीर झाली की आपल्यातला प्रत्येक जण कोच होतो. कोण आत हवा होता, हे आपण सेकंदात सांगतो. त्याच्यासाठी बाहेर कोणी बसायचं, हे मात्र कोणीच सांगत नाही. तेवढं एक सांगायला शिकलो, तर आपल्या बडबडीला वजन येईल.

टॉस होतो, टीम स्क्रीनवर येते आणि पुढच्या दहा सेकंदांत तुमचा ग्रुप पेटतो. ‘याला का घेतलं?’ ‘त्याला का बसवलं?’ ‘कोच झोपलाय का?’ तुम्ही रुइयाच्या नाक्यावर असा, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर असा, नाहीतर लालबागमध्ये गॅलरीच्या कठड्याला मोबाइल टेकवून मॅच बघत असा, हा सीन काही बदलत नाही. ज्याने आयुष्यात सीझन बॉल हातात धरला नाही, तोही स्पिनर कितव्या ओव्हरला आणायचा ते सांगतो. रात्री साडेबाराला इंग्लंडमधल्या क्लबची टीम बघून गिरगावातला पोरगा सेंटर-बॅक बदलून टाकतो. आणि सगळ्यांचं वाक्य एकच असतं, ‘अरे, साधी गोष्ट आहे यार!’

खरंच साधी आहे का?

परळला आमच्या चाळीत मंडळाची कबड्डीची टीम होती. टीम निवडायचे ते एक काका. रविवारची मॅच हरली की सोमवारी पोरं त्यांना जिन्यातच घेरायची. ‘काका, डाव्या कोपऱ्याला दुसरा ठेवायला हवा होता.’ ‘काका, याला चढाईला पाठवायलाच नको होतं.’ काका सगळं ऐकून घ्यायचे. मग खिशातून पेन आणि कसलीतरी जुनी पावती काढायचे, पावतीची कोरी बाजू वर करायचे आणि म्हणायचे, ‘सात नावं लिही.’ पोरगं लिहायला लागायचं. पहिली चार नावं धडाधड. पाचव्याला पेन अडायचं. एकदा एकाने मोठ्या तावातावाने लिहून दिलेल्या यादीत आठ नावं निघाली. काकांनी दोनदा मोजली, कागद परत केला आणि विचारलं, ‘मग बसवू कोणाला?’

त्या दिवशी जिन्यात सगळे हसले. पण टीम निवडण्याचं सगळं दुखणं त्या एका प्रश्नात आहे.

94 दिवसांत काय बदललं?

अलीकडचंच उदाहरण घेऊ. 15 डिसेंबर 2023 ला मुंबई इंडियन्सने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कॅप्टन केलं. रोहितने टीमला पाच वेळा आयपीएल जिंकून दिली होती. हार्दिक त्याआधीची दोन वर्षं गुजरात टायटन्सचा कॅप्टन होता; एकदा जिंकला, एकदा फायनल हरला. मुंबईच्या पब्लिकला हे अजिबात पटलं नाही. आणि इथे ‘मग बसवू कोणाला’चं उत्तर पब्लिककडे तयार होतं: कोणालाच नाही, आहे तोच कॅप्टन ठेवा. मत म्हणून ते एकदम रास्त होतं.

1 एप्रिल 2024. वानखेडेवर मोसमातली पहिली होम मॅच, समोर राजस्थान रॉयल्स. टॉसला हार्दिकचं नाव घेतल्याबरोबर अख्ख्या स्टेडियमने हुर्यो उडवली. ती इतकी की, संजय मांजरेकरला माइकवरून पब्लिकला नीट वागायला सांगावं लागलं. स्वतः रोहित त्याच टीममधून खेळत होता. मुंबई ती मॅच हरली आणि मोसमाच्या शेवटी तक्त्यात तळाला गेली.

29 जून. बार्बाडोसमध्ये टी-20 वर्ल्ड कपची फायनल. शेवटच्या ओव्हरला दक्षिण आफ्रिकेला 16 धावा हव्या होत्या आणि बॉल हार्दिकच्या हातात होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे. 4 जुलैला ओपन बस मरीन ड्राइव्हवर आली तेव्हा चर्नी रोडपासून चर्चगेटपर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. तुमच्यातले कित्येक जण लेक्चर बुडवून तिथे होते. आणि त्याच वानखेडेत ‘हार्दिक, हार्दिक’चा गजर झाला. हुर्योपासून गजरापर्यंत बरोबर 94 दिवस.

यात पब्लिकचं काय चुकलं? प्रश्न विचारला, हे नाही चुकलं. प्रश्न चुकीच्या पत्त्यावर गेला. कॅप्टन बदलायचा निर्णय टीमच्या मॅनेजमेंटचा. तो निर्णय घेणारी माणसं टॉसला उभी नव्हती, हार्दिक उभा होता. हातात आला त्याला चोपला. आणि 94 दिवसांनी जयजयकार केला, तोही कॅप्टन्सीसाठी नव्हता, एका ओव्हरसाठी होता. मूळ प्रश्नाचं, म्हणजे रोहितला काढणं बरोबर होतं की नाही याचं, उत्तर दोन्ही दिवशी मिळालं नाही. ते शोधायला कोणी आलंही नव्हतं.

आणि हे काही आजच्या सोशल मीडियाचं पाप नाही. याच वानखेडेवर 2006 साली इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत पब्लिकने साक्षात सचिनची हुर्यो उडवली होती. पाच वर्षांनी, 2 एप्रिल 2011 ला, तिथेच सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली.

त्याच्याही मागे चला. 1971 च्या सुरुवातीला वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी कॅप्टन निवडताना निवड समितीत मतं समसमान पडली. अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत वापरलं आणि पतौडींच्या जागी अजित वाडेकर कॅप्टन झाले. पतौडींना काढून वाडेकर? किती तरी जणांच्या भुवया उंचावल्या. वाडेकरांची टीम वेस्ट इंडीजमध्ये जिंकली, पाठोपाठ इंग्लंडमध्येही जिंकली. मुंबईत त्यांची मिरवणूक निघाली. इंदूरमध्ये तर त्या विजयाची आठवण म्हणून मोठी सिमेंटची बॅट उभी राहिली. मग 1974 चा इंग्लंड दौरा आला. लॉर्ड्सवर अख्खी टीम 42 धावांत गारद, मालिका 3-0 ने गेली. तोच कॅप्टन, तेच पब्लिक. वाडेकरांच्या घरावर दगड आले आणि इंदूरच्या बॅटला डांबर फासलं गेलं. त्याच मोसमात त्यांना पश्चिम विभागाच्या टीममधूनही वगळलं आणि त्यांनी खेळणं थांबवलं.

तेव्हा ना इन्स्टा होतं ना मीम्स. होता तो आपला स्वभाव.

दादरची जुनी तक्रार

आता दुसरी बाजू. पब्लिक नेहमी उथळ असतं, असंही समजू नका. काही तक्रारी कट्ट्याने पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आणि त्या जपण्यासारख्याच होत्या.

पद्माकर शिवलकर हे नाव तुमच्या आजोबांसमोर काढून बघा. डावखुरा स्पिनर, शिवाजी पार्क जिमखान्याचा माणूस. फर्स्ट क्लासमध्ये 589 विकेट. 1973 ला चेपॉकवर रणजी फायनलमध्ये एकट्याने 13 विकेट काढून मॅच संपवली. भारताच्या कसोटी टीममध्ये एकदाही नाही. मार्च 2025 मध्ये ते गेले, तेव्हाही ‘पॅडीला एक तरी टेस्ट मिळायला हवी होती’ हेच वाक्य प्रत्येकाच्या तोंडी होतं.

पण आता काकांची पावती पुढे करू. शिवलकर आत, मग बसवू कोणाला? त्या काळात डावखुऱ्या स्पिनरच्या जागेवर बिशनसिंग बेदी होते. पुढे 266 कसोटी विकेट घेतलेले बेदी. त्यांना बसवायचं? की दोघांनाही खेळवून प्रसन्ना किंवा चंद्रशेखरला घरी पाठवायचं? प्रश्न असा मांडला की आवाज आपोआप खाली येतो. मग कट्ट्यावरचा जाणकार म्हातारा वेगळं बोलायला लागतो: ‘बेदीला बसवा असं नाही म्हणत मी. पण अमुक दौऱ्यावर, तमुक विकेटवर, एक मॅच दोघं खेळले असते तर?’ बघा, वाक्य कसं बदललं! ‘निवड समितीला अक्कल नव्हती’ इथून ‘एक संधी शक्य होती’ इथवर आलं. या दुसऱ्या वाक्यावर बोलता येतं, वाद घालता येतो. पहिल्यावर फक्त भांडता येतं.

दुसरं नाव अमोल मुझुमदार. दादरच्या शारदाश्रमचा, आचरेकर सरांचा विद्यार्थी. 1988 मध्ये आझाद मैदानावर सचिन आणि कांबळीने 664 ची भागीदारी केली, तेव्हा पुढचा बॅटर म्हणून पॅड बांधून हा बसून होता. बसूनच राहिला. पुढे रणजी पदार्पणात 260 धावा केल्या. फर्स्ट क्लास पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. कारकिर्दीत 11 हजारांहून जास्त फर्स्ट क्लास धावा. भारताकडून एकही मॅच नाही. कट्टा वीस वर्षं चिडून होता. बसवू कोणाला? मिडल ऑर्डरमध्ये सचिन होता, मग द्रविड आला, गांगुली आला, लक्ष्मण आला. उत्तर कोणाकडेच नव्हतं. तरी तक्रार खोटी नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आणि मग तोच खुर्चीत बसला

या गोष्टीचा पुढचा भाग तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय. ज्याच्यासाठी कट्टा निवड समितीला शिव्या घालत होता, तो अमोल मुझुमदार ऑक्टोबर 2023 मध्ये भारताच्या महिला टीमचा हेड कोच झाला. आता टीम तो निवडणार आणि शिव्या तो खाणार.

2025 चा वर्ल्ड कप आठवा. घरच्या मैदानांवर भारत ओळीने तीन मॅच हरला. आधी दक्षिण आफ्रिका. मग ऑस्ट्रेलिया, तीही 330 धावा करून. पब्लिक ओरडलं: पाच बोलर घेऊन कोणी खेळतं का? सहावी बोलर घ्या! ठीक आहे. 19 ऑक्टोबरला इंदूरमध्ये इंग्लंडविरुद्ध टीम मॅनेजमेंटने रेणुका सिंगला घेतलं. आता मग बसवायचं कोणाला? आपल्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला बसवलं. आणि भारत 289 चा पाठलाग करताना चार धावांनी हरला. आता तेच पब्लिक काय ओरडलं असेल? ‘एक बॅटर कमी का खेळवली?’

दहा दिवसांत एकाच ग्रुपवर दोन्ही मेसेज पडले होते. हवं तर स्क्रोल करून बघा. कदाचित दोन्ही तुमचेच असतील. माझे होते.

त्यानंतर चार दिवसांनी नवी मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध जेमिमा परत आली, तिसऱ्या नंबरवर खेळली, 76 नाबाद. 30 ऑक्टोबरला सेमी फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग करताना पुन्हा तिसऱ्या नंबरवर. आपण तिसऱ्या नंबरला जाणार हे तिला मैदानात उतरण्याच्या अवघी पाच मिनिटं आधी कळलं होतं, हे तिने नंतर सांगितलं. 127 नाबाद. भारत फायनलमध्ये.

मॅचनंतर ती आणखी एक गोष्ट बोलली. या स्पर्धेत आपण जवळजवळ रोज रडत होतो, एन्झायटीतून जात होतो, टीममधून वगळल्यावर ते आणखी वाढलं, असं तिने सगळ्या जगासमोर सांगितलं. जेमिमा तेव्हा 25 वर्षांची होती. तुमच्या ताईएवढी. ‘हिला बसवा’ असं आपण एका हाताने वडापाव खात टाइप करतो, तेव्हा त्या नावामागे असं कोणीतरी असतं. तिला वगळूच नये असा याचा अर्थ नाही. वगळणं हा खेळाचाच भाग आहे. पण ‘ती बाहेर हवी, कारण सहावी बोलर लागेल’ हे एक वाक्य झालं आणि ‘हिला रील्सच बनवू दे’ हे दुसरं. पहिलं वाक्य कोचचं आहे. दुसरं कोणाचं, तुम्हीच ठरवा.

आणि हो, मुझुमदारला तीन पराभव नवे नव्हते. 2006-07 च्या रणजी मोसमात मुंबई पहिल्या तीनही मॅच हरली होती. तेव्हाही मुंबईत ‘कॅप्टन बदला, अमका काढा’ सुरू झालं होतं. त्या मोसमात रणजी मुंबईनेच जिंकली. कॅप्टन होता अमोल मुझुमदार.

रिझल्टचा चकवा

आता इथे एक चकवा आहे, त्यात आपण सगळेच अडकतो. जिंकलो म्हणजे निर्णय बरोबर, हरलो म्हणजे चूक. थांबा. त्या सेमी फायनलमध्ये 82 वर असताना जेमिमाचा झेल ॲलिसा हीलीच्या हातून सुटला. तो पकडला गेला असता आणि भारत हरला असता, तर तिला तिसऱ्या नंबरवर पाठवणं चुकीचं ठरलं असतं का? निर्णय तर तोच होता, घेतलाही तेव्हाच होता.

शफाली वर्माचं घ्या. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐन सेमी फायनलच्या तोंडावर शफालीला बोलावलं. मूळ टीममध्ये ती नव्हतीच. सेमी फायनलमध्ये तिने 10 धावा केल्या. त्या रात्री मतदान घेतलं असतं तर? 2 नोव्हेंबरला फायनलमध्ये तिने 87 धावा केल्या, वर दोन विकेट घेतल्या आणि प्लेअर ऑफ द मॅच ठरली. तीन दिवसांत मूर्खपणाचा निर्णय मास्टरस्ट्रोक झाला.

कबड्डीत तर याहून मजेदार प्रकार झाला. 2018 ला यू मुंबाने कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईला 36.4 लाखांत घेतलं. पोरगा पहिल्याच मोसमात 218 चढाईचे पॉइंट घेऊन गेला. लालबाग-परळमध्ये ‘बाहुबली’ची चर्चा. पुढच्या लिलावात त्याच्यावर 1.45 कोटींची बोली लागली आणि यू मुंबाने त्याला तेलुगू टायटन्सकडे जाऊ दिलं. कट्टा भडकला: घरचा पोरगा कोणी सोडतं का? 2019 च्या मोसमात देसाईने पुन्हा दोनशेच्या वर पॉइंट घेतले. म्हणजे कट्टा बरोबर? पण त्याची नवी टीम प्लेऑफला पोचलीच नाही आणि त्याच्याशिवाय खेळणारी यू मुंबा सेमी फायनलला गेली. म्हणजे मॅनेजमेंट बरोबर? टीमची एकूण थैलीच साधारण 4.4 कोटींची. एकावर त्यातला तिसरा हिस्सा घातला तर बाकीचे बचावपटू कुठून आणायचे? इथे ‘बसवू कोणाला’ची जागा ‘पैसे कोणाचे कापू’ घेतं.

कधी कधी पब्लिकचा अंदाज खराही ठरतो. 4 मे 2024 ला मुंबई सिटीने कोलकात्यात मोहन बागानला 3-1 ने हरवून आयएसएल कप आणला. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत परेरा डियाझ, नोगेरा, राहुल भेके बेंगळुरूला गेले, अपुइया थेट मोहन बागानला. दादरवरून अंधेरीची लोकल पकडून मॅचला जाणाऱ्या फॅन्सनी तेव्हाच, मोसम सुरू होण्याआधीच, सांगितलं होतं की टीमचा कणाच काढून घेतलाय. मोसमात मुंबई सहाव्या नंबरवर राहिली आणि मार्च 2025 मध्ये नॉकआउटला हरली ती त्याच बेंगळुरूकडून, 5-0. या फॅन्सच्या बोलण्याला मी किंमत देतो. ते बरोबर ठरले, एवढंच त्याचं कारण नाही. ते आधी बोलले होते, आणि कोण गेल्यामुळे कुठली जागा रिकामी होते हे नावानिशी सांगत होते.

खालून दिसत नाही ते

दहीहंडीचं उदाहरण तुम्हाला लगेच पटेल. गिरगाव, लालबाग, दादर, कुठेही उभे राहा. गोविंदा पथक आठ थर लावतं, सलामी देतं आणि उतरतं. खालून गर्दी ओरडत असते, ‘अजून एक! नववा लावा!’ प्रशिक्षक हात वर करून ‘उतरा’ची खूण करतो. गर्दीला वाटतं, घाबरला. पण त्याने खालच्या थरातल्या एकाचा गुडघा थरथरताना पाहिलेला असतो. सकाळपासून पथकाच्या किती हंड्या झाल्यात, हे त्याला माहीत असतं. वरचं पोरगं मघाशी घसरलं होतं, हेही माहीत असतं. गर्दीला फक्त थर मोजता येतात.

प्रत्येक कोचकडे असे थरथरणारे गुडघे असतात. कोणाचा खांदा दुखतोय, कोण दोन रात्री झोपलेला नाही, कोणाचं कोणाशी जमत नाहीये. ते तो प्रेस कॉन्फरन्सला सांगत नाही, सांगूही नये. म्हणून आपण गप्प बसायचं का? अजिबात नाही. एवढंच लक्षात ठेवायचं की आपल्याला जे दिसतंय ते तिकिटाच्या जागेवरून दिसतंय. कोचही चुकतात, भरपूर चुकतात. ओळखीने, हट्टाने, भीतीनेही टीम निवडली जाते. ते पकडायचं असेल तर आपला प्रश्न पक्का हवा. नुसत्या आरड्याओरड्याला कोणी उत्तर देत नाही आणि त्या गोंधळात खरा प्रश्नही बुडून जातो.

शिवाय ही खुर्ची तुमच्यापासून फार लांब नाही. कॉलेजच्या एकांकिकेत मुख्य भूमिका कोणाला द्यायची, फेस्टच्या कोअर टीममध्ये कोण, इंटर-कॉलेजला बारावा खेळाडू म्हणून कोणाला न्यायचं, हे याच वर्षी तुमच्यातल्या कोणालातरी ठरवायचंय. तीन महिने तालमीला वेळेवर येणारी मैत्रीण एकीकडे आणि उशिरा आलेली पण स्टेज खाऊन टाकणारी दुसरी, दुसरीकडे. यादी बोर्डावर लागेल आणि कॅन्टीनमधला आवाज तुम्ही आलात की बंद होईल. तेव्हा कळतं, नाव लिहिणं सोपं असतं. नाव खोडणं अवघड असतं.

कट्ट्यावरच्या कोचसाठी

आधी बोला. टॉसच्या आधी आपली टीम ग्रुपवर टाका. मॅच संपल्यावर सगळेच हुशार असतात.

आत एक, तर बाहेर एक. ज्याला घ्यायचंय त्याच्यासोबत ज्याला बसवायचंय त्याचंही नाव सांगा आणि कारण द्या. नाव सुचलं नाही, तर मत अजून कच्चं आहे असं समजा.

पत्ता तपासा. निर्णय कोणाचा? कॅप्टनचा, कोचचा, निवड समितीचा की मालकाचा? ज्याचा असेल त्यालाच विचारा.

निर्णयाला नावं ठेवा, माणसाला नको. त्याचं घर, आई-वडील, बायको, धर्म, जात यांचा तिसऱ्या नंबरच्या बॅटिंगशी काही संबंध नाही.

मैदानावर जा. पावसाळ्यात आझाद मैदानावर कांगा लीग असते, लोअर परळला श्रमिक जिमखान्यात कबड्डी, कूपरेजला फुटबॉल. हायलाइट्समध्ये फक्त विकेट आणि गोल दिसतात. बाहेर बसलेला बारावा खेळाडू कसा बसलाय, हे मैदानावरच दिसतं.

चुकलात तर तिथेच कबूल करा. ज्या ग्रुपवर हुर्यो उडवली, त्याच ग्रुपवर.

काकांचं पुढे काय झालं? आठ नावं लिहिणाऱ्या त्या पोराला त्यांनी पुढच्या मॅचला टीम निवडायला दिली. पूर्ण, स्वतःच्या जबाबदारीवर. त्याने सात नावं निवडली. ज्याला बसवलं तो त्याचा सख्खा मित्र होता. शनिवारी रात्री त्याने त्याच्या दारात जाऊन स्वतः सांगितलं, कारणासकट. मॅच आम्ही हरलो. सोमवारी जिन्यात सगळे त्याची वाट बघत थांबले होते. काका तिथूनच वर चढत होते. त्यांनी खिशातलं पेन काढून त्या पोराच्या हातात दिलं आणि न थांबता वर निघून गेले.